दुसरा ठोका

—नाही हो काका, तो नको, तो आखूड आहे. लांब दांड्याचा आरसा द्या. मागच्या फाळक्यापर्यंत सगळी डावी बाजू दिसली पाहिजे. हो, ट्रक आमचाच. म्हणजे बाबांचा. चालवते मी. मीच, हो. असं डोक्यापासून पायापर्यंत बघू नका, पाय पोचतात क्लचपर्यंत. परवाना दाखवू? मग झालं तर. तुम्ही आपला बोल्ट सोडवा. आधी तेल सोडा त्यात, गंजलाय तो, नुसता जोर लावलात तर मान मोडेल त्याची — बघा! म्हटलं होतं ना? मोठ्या माणसांना सांगायची सोयच नाही.

कसा तुटला? तुटला. कोणीतरी ठोकून गेलं. दारात उभा होता ट्रक, सकाळी येऊन बघते तर आरसा गायब, नुसता दांडा लोंबतोय. झाले तीन आठवडे. चालवत होते की तशीच. उजवा आहे ना शाबूत. आणि डावीकडे बाबा बसायचे, ते बघायचे. — काय? कुठे हिरवा? — हां. दांड्यावर. आहे खरा हिरवा रंग. बरंच बारीक बघता तुम्ही, चष्मा नसताना. बरं बाबा, कोणी ठोकून नाही गेलं. मीच घासला. हिरवा लोखंडी दरवाजा होता एका कारखान्याचा, अर्धाच उघडलेला, आणि बाबा शेजारी बसून म्हणत होते, "अगं हळू, डावीकडे दार आहे, हळू." ते म्हणाले नसते ना, तर घेतलाही असता हळू. पण म्हणाले. दिवसातून चारशे वेळा म्हणतात. मग मी मुद्दाम पाय दाबला. आरसा गेला. बाबा खाली उतरले, काचा पायाने गोळा करून कडेला सारल्या, कुणाच्या टायरात जायला नकोत म्हणून, आणि परत येऊन बसले. तेवढं पुरे होतं मला भडकायला. मी म्हटलं, "एवढं दिसतंय ना तुम्हाला, मग तुम्हीच व्हा आता आरसा."

आणि ते झाले.

त्यांचा गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही, म्हणून तर मी बसले चाकावर. आमच्याकडे केवढं रामायण झालं त्यावरून! थोरल्या काकांनी तर जेवण टाकलं — एक दिवस, दुसऱ्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवले. मावशी म्हणाली, पोरीला कॉलेज शिकवलं ते ट्रक हाकायला का? मी सगळ्यांना सुनावलं. तोंडावर. म्हटलं, विमान चालवलं असतं तर पेढे वाटले असते ना, मग ट्रकला चार चाकं जास्तच आहेत. बाबा कोपऱ्यात बसून हसत होते. त्यांनीच शिकवलं मला, सहा महिने, पहाटे मोकळ्या मैदानात, विटा मांडून. एक वीट पडली की उतरून मीच उचलायची. सव्वीस वर्षं चालवला त्यांनी ट्रक, काका, आणि साधा ओरखडा नाही. ज्या गोदामात आम्ही माल टाकतो तिथे फाटकावरचा माणूस त्यांना कागद विचारत नाही, यादीत नाव आहे त्यांचं, नुसता दांडा वर करतो. माझ्या वेळी तीन सह्या.

वाकडा लागतोय. थोडा आत घ्या. अजून — हां.

पाठीमागे घेताना काय करायचे बाबा, माहितेय? तुमच्या वेळचीच पद्धत. खाली उतरून ट्रकच्या कडेनं चालायचे आणि फळीवर तळहात आपटायचे. एक ठोका — ये. दोन ठोके — थांब. बस, एवढीच भाषा. वर तोंडानं चालूच, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावी मार, अजून, येऊ दे." अख्ख्या आवाराला ऐकू जायचं. हमाल हसायचे. एक जण तर मला बघितलं की येऊ दे येऊ दे करायचा, चालता चालता, पोत्याखालून. आणि मला — लाज वाटायची. आता सांगते तुम्हाला, तुमचा माझा काय संबंध. लाज वाटायची मला. काकांना सुनावणारी मी, मावशीला सुनावणारी मी, आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून फळी बडवत चालणारा बाप बघितला की वाटायचं, कोणी ओळखीचं नसू दे इथे. मग मी एक दिवस सांगितलं. बाबा, हे ठोकणं बंद. ओरडणं बंद. आपण फोन लावू, तो तुमच्या खिशात ठेवा, मी कानात घालते, हळू आवाजात सांगा, माणसासारखं. बाबा म्हणाले, "फोनचं काय खरं गं, फळी कधी दगा देत नाही." मी म्हटलं, जुनं ते सोनं ऐकून कान किटले माझे. मग त्यांनी ऐकलं. माझं सगळंच ऐकतात हो ते, तोच तर — पाना पडला तुमचा. तिकडे, चाकाखाली.

नाही, ते आज आले नाहीत. घरी आहेत. हाताला लागलंय. फाळका लावताना सटकला आणि — बोटं. दोन. उजव्या हाताची. बरं आहे आता. टाके आहेत. मधली दोन वाकणार नाहीत म्हणाले डॉक्टर.

हे काय? हे पाकीट? ते तुमचं नाही, राहू द्या तिथेच. तेलाचे हात लावू नका. गोदामात द्यायचंय, एकच्या आत, मग तिथला साहेब उठतो. अर्ज आहे. बाबांचा. — आहे अक्षर माझं. त्यांना लिहिता येत नाही ना आता, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं. काय लिहिलंय? लिहिलंय की माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला, वयोमानानुसार माझं लक्ष राहत नाही, तरी फाटकावरच्या यादीतून माझं नाव कमी करावं. "निष्काळजीपणा" मला दोनदा विचारलं त्यांनी, बरोबर लिहिलास ना गं. बरोबर लिहिला. एकही चूक नाही त्या अर्जात.

तुम्ही काम करा ना काका. का थांबलात?

फाळक्यात नाही सापडला हात.

परवाची गोष्ट. दुपारची. गोदामाला सिमेंटचा कट्टा आहे, ट्रक पाठ करून लावायचा त्याला, आणि डाव्या अंगाला छपराचा खांब. लोखंडी. उजवीकडचं सगळं दिसत होतं मला, डावीकडे बाबा. फोन चालू. "येऊ दे," हळू आवाजात, मी सांगितलं होतं तसं, माणसासारखं. "येऊ दे. थोडी उजवी." आणि मध्येच दुसरा फोन आला. मैत्रीण. कॉलेजातली. सगळ्या आता कुठे कुठे चिकटल्यात, काचेच्या इमारतीत, गळ्यात पट्टे घालून, आणि मी त्यांना सांगितलंय की मीसुद्धा. वाहतूक कंपनीत आहे म्हणून. खोटं नाही ना तसं? मीच कंपनी, मीच ड्रायव्हर, मीच कारकून! तिचा फोन मी दोनदा कापला होता आदल्या दिवशी. तिसऱ्यांदा कापला असता तर तिला वाटलं असतं काहीतरी लपवतेय. म्हणून मी बाबांना थांबवलं — नाही, ट्रक नाही थांबवला. बाबांना थांबवलं. बटण दाबलं आणि त्यांचा आवाज बंद. तिला म्हटलं, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलते. ती म्हणाली, मागे कसला घरघर आवाज? मी म्हटलं, वातानुकूलन बिघडलंय. हसले सुद्धा. आणि पाय क्लचवर, ट्रक मागे सरकतोच आहे, इंच इंच, म्हटलं इतक्या वेळा लावलाय इथे, लागेल. किती वेळ? दहा सेकंद. बारा. तेवढ्यात फळीवर ठोका पडला.

एक.

एक म्हणजे ये. ना? एक म्हणजे ये. आणि मला राग आला, की बंद करायला सांगितलं होतं ना हे, पुन्हा सुरू केलं, आणि तीही ऐकणार आता फोनवर. मी जरा जोरात घेतला. दुसरा ठोका पडलाच नाही, काका. दुसऱ्यासाठी हात उचलला असेल, ठेवला असेल, तोवर फळी खांबाला टेकली.

त्यांनी सगळं केलं होतं हो. आधी फोनवर थांब म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, मग ओरडले. त्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार, आणि माझ्या कानात तर ती हसत होती. मग माझी बंदी मोडून फळीवर हात टाकला. आणि ओरडले नाहीत बोटं सापडल्यावर. तो येऊ दे येऊ दे वाला हमाल धावला, त्यानं माझ्या दारावर मुठी मारल्या तेव्हा मी पुढे घेतला. खाली उतरले तर बाबा कट्ट्यावर बसलेले, हात दुसऱ्या हातात धरून, आणि मला म्हणाले — काय म्हणाले असतील? म्हणाले, "हँडब्रेक लावलास का?"

दवाखान्यात टाके घालत होते तेव्हा मी सांगणार होते. देवाशपथ. तोंड उघडलंच होतं. तर बाबाच बोलायला लागले, खालच्या आवाजात, कोणी ऐकू नये असं. "मी थांब म्हणालो का गं? मला वाटतंय तीनदा म्हणालो. पण तू ऐकलं असतंस तर थांबली असतीस. म्हणजे मनातल्या मनातच म्हणालो असणार. माझ्या बापाचं असंच झालं होतं शेवटी, बोललो म्हणायचा आणि बोललेला नसायचा." असं म्हणून हसले. घाबरलेले हसतात ना, तसे. मला वाटलं, आता म्हण. आता. आणि मी म्हटलं — ऐका, मी काय म्हटलं — मी म्हटलं, "असू दे बाबा, होतं असं वयात."

पाणी नको मला. काम करा तुम्ही.

दोन दिवस झाले. ते घरात एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारतात. मी दार लावलं ना? मी गोळी घेतली म्हणालो ना तुला? आई चिडवते, म्हणते सव्वीस वर्षांत रस्ता चुकला नाही हा माणूस, आता मोरीचा दिवा विसरतो. ते हसत नाहीत. स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासच उडालाय त्यांचा, काका, आणि तो मी उडवलाय, दहा सेकंदांत, एका बटणानं. बोटांचं मला तितकं नाही वाटत — वाटतं, पण बोटं खांबानं घेतली. हे मी घेतलं. आणि वर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

झाला? बसला घट्ट? हलवून बघा. थांबा, मी वर बसते, तुम्ही मागे जा, फाळक्यापाशी, उभे राहा. डावीकडे. दिसताय. अजून मागे. दिसताय तरी. — हो, स्वच्छ दिसतंय. सगळं दिसतंय. या पुढे.

किती वाजले? बारा वीस. गोदाम इथून वीस मिनिटं. म्हणजे निघायला हवं, नाहीतर साहेब उठेल. अर्ज एकदा घेतला की नाव खोडतातच ते, लाल पेनानं, पुन्हा घालत नाहीत. — काय करू? तुम्हाला नाही विचारत. तुम्ही काही बोलूही नका. मोठ्या माणसांचं ऐकायची सवय नाही मला, तुम्ही काही शहाणपणाचं बोललात तर मी मुद्दाम उलट करीन. माहितेय मला माझं.

तुम्ही जरा दुकानात जा. जा ना. फोन करायचाय मला. आणि मागे वळून बघू नका. — लागतोय. — बाबा? हो, मी. नाही, पोचले नाही अजून. नाही दिला. देणार नाही. ऐका ना. आधी माझं ऐका, मध्ये बोलू नका. तुम्ही थांब म्हणाला होतात. हो. तीनदा. मनात नाही, तोंडानं. तुमचं डोकं ठीक आहे, बाबा, मी फोनवर नव्हते. मी तुम्हाला बंद करून दुसरीशी बोलत होते. मी तिला म्हटलं, मी मीटिंगमध्ये — बाबा? ऐकताय? बाबा, आहात ना? —