अकरा कोष

...नाही हो, धाकटी घरात नाहीये, औषधं आणायला गेलीये, पण तिचं काय असेल ते मला सांगा – मोठी बहीण आहे मी, आई गेल्यापासून तिचं सगळं मीच बघते. नोकरी? तुमच्या संग्रहालयात, पतंगांची चित्रं काढायची – आणि राहायचं तिकडेच? अहो, तिने सोडलं ते सगळं. पतंग तरी काय देखणा होता? तपकिरी, वाळक्या पानासारखा, पंखांवर दोन नागमोडी रेघा. भिंतीला पंख पसरून चिकटला की डाग वाटायचा, दोनदा मी फडकं घेऊन पुसायला गेले. त्याच्यापायी वर्ष घालवलं तिने. आधी खसखशीएवढी अंडी, मग त्या अळ्या – पाठीची कमान करत, विती टाकत चालायच्या, हात लावला की काटकीसारख्या ताठ. त्यांना रोज ताजा पाला, आणि माझ्या गुडघ्यांना तेल लावायला हिला वेळ नाही. मग अळ्या मातीत शिरल्या, अकरा कोष झाले, त्या खिडकीतल्या कुंडीत. म्हणाली, "ताई, हे बाहेर आले की शेवटचं चित्र, मग मला बोलावतीलच बघ तिकडे." हसत होती. मला राग नाही आला हो, राग कशाला येईल? ती आंघोळीला गेली, गॅसवर चहाचं आधण होतं, ते ओतलं. उकळतं. माती जराशी चुरचुरली, बस.

तीन महिने वही घेऊन बसली कुंडीसमोर. मी इथेच विणत बसायचे. "ताई, थंडीमुळे उशीर होत असेल का गं?" – असेल, म्हणायचे मी. शेवटी माती उकरून एकेक कोष फोडून बघितला. म्हणाली, "माझंच चुकलं, पाणी जास्त घातलं मी." रंग शेजारणीला देऊन टाकले. तेव्हापासून कशी शहाण्यासारखी असते, रात्री पाय चेपते.

असं काय बघताय? बोलण्याच्या ओघात निघालं. एक काम करा – तिने पाठवलेली अळ्यांची चित्रं आहेत ना तुमच्याकडे, ती परत पाठवा, सोबत दोन ओळी, पसंत पडली नाहीत म्हणून. तिचं मन एकदाचं शांत होईल.

नाही लिहिणार? बरं. तुमच्या नावाने मीच लिहीन. जाताना दार ओढून घ्या.