त्याचं लायसन्स मी सोडवलं

हसायचं तर हसा, पण तलाक झालेल्या नवऱ्याचं बंद पडलेलं लायसन्स मीच सोडवून आणलंय. इरफान इथे दुबईत टॅक्सी चालवतो. पोरीच्या खर्चाचे पैसे थकवले, म्हणून मी कोर्टात गेले आणि माझ्याच अर्जावर त्याचं लायसन्स बंद झालं. आधी बरं वाटलं. मग डोक्यात आलं, गाडीच नाही तर हा पैसे आणणार कुठून?

परत गेले कोर्टात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, बंद भी आपने करवाया, खोलने भी आप ही आयी?"

"हां. घर बैठा आदमी क्या देगा?"

"उसको बोलो, खुद आये."

"केस मेरा है. अर्जी लो, नहीं तो साहब को बुलाओ. मैं यहीं बैठी हूं."

आणि बसले. नमाजची वेळ झाली, माणसं गेली, परत आली, मी तिथेच. शेवटी आत बोलावलं. जज्जसाहेबांनी दुभाष्याकडून एवढंच विचारलं, त्याला माफ केलंस का?

म्हटलं, "नाही. हप्ता थेट त्याच्या पगारातून कापा आणि लायसन्स द्या."

त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात अल कुसैसमधल्या माझ्या ऑफिसखाली इरफान टॅक्सी घेऊन उभा. "चल, घरी सोडतो," म्हणत त्याने जुन्या सवयीने पुढचं दार उघडलं. मी मागे बसले.

"मीटर टाक."

"तुझ्याकडून पैसे घेऊ?"

"घे. पहिल्या तारखेला मी परत घेणारच आहे."