कालचा डबा

माझं नाव सुभद्रा, आणि मी धनगराची, हे पहिलं लिहून घ्या, कारण पुढं त्याचं काम पडणार हाय. गाव कोणतं म्हणाल तर काय सांगू तुम्हाला, घर व्हतं अजिंठ्याकडं, डोंगराच्या अंगाला, पण घरात राहतंय कोण, दिवाळी झाली की आमचे वडील, दादा, मेंढ्या घेऊन निघायचे ते पाऊस तोंडावर आल्यावरच माघारी, आणि मागं मागं आम्ही पोरं, कोंबड्या, घोड्यावर बिऱ्हाड. शाळा माझी झाली चौथीपर्यंत, तीबी तुकड्यातुकड्यानं. पण चालण्यात मला आजबी कोणी हरवू शकत नाय. आता पायाला प्लास्टर हाय ते सोडा, ते कसं झालं ते सांगते, घाई करू नका, चहा येतोय.

तर मेंढ्यांचं असं व्हतं, शेतकरी दादांना बोलवायचा, की माझ्या वावरात मेंढ्या बसवा. रात्रभर मेंढ्या वावरात बसल्या की लेंड्या पडतात, मूत पडतं, जमिनीला असं खत दुसरं नाय. त्याच्या बदल्यात शेतकरी जवारी द्यायचा. आणि सांजच्याला शेतकऱ्याची बायको पातेल्यात कालवण पाठवायची, आमटी नाहीतर वांग्याचं, लई गोड लागायचं, दिवसभर चाललेलं लेकरू असतंय ना. पण आई ते पातेलं कधी रिकामं परत पाठवायची नाय. मेंढीचं दूध असलं तर दूध. दूध नसलं तर मला पिटाळायची, जा गं, बांधावरचा तांदूळजा खुडून आण. मी म्हणायची, आई त्यांच्याच बांधावरची भाजी त्यांनाच द्यायची का, तर पाठीत धपाटा. खुडायचे हात तर तुझेच ना, म्हणायची.

मग लग्न झालं, आमचे मालक चिकलठाण्याला कंपनीत, म्हणून इथं मुकुंदवाडीत आले, स्टेशनाच्या अलीकडं खोली घेतली, गाडी गेली की भांडी वाजायची. पोरीबाळी झाल्या, आणि मी बसले नाय हो, एका खानावळीच्या भाकरी थापल्या, वर्षानुवर्षं. कंपनीतले पोरं म्हणायचे मावशी तुमची भाकर फुगते कशी, म्हणलं तुम्ही फुगवता तोंडं, मी फुगवते भाकरी. धाकटी पोरगी सासरी गेली तिची स्कुटी इथंच राहिली. मी म्हणलं मी शिकते. मालक म्हणले, या वयात पडशील. म्हणलं, पडले तर उठीन, तुम्हाला नाय बोलावणार. आणि शिकले की. पदर खोचला आणि सुसाट.

डब्याचं सुरू केलं ते आमच्या गल्लीतल्या मंदानं. तिच्या घरामागं एक आजी व्हत्या, उठता येईना, मंदा रोज ताट नेऊन द्यायची, तेवढंच. मग दुसऱ्या गल्लीतल्या एकीच्या पोराचा पुण्याहून फोन, माझ्या आईलाबी देता का. असं करत करत वाढलं. भाजी-वरण मंदाकडं, भाकरी-पोळ्या माझ्याकडं, आणि पोचवायला मी, कारण गाडी माझ्याकडं आणि तोंडबी माझ्याकडं. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला तोंड लागतंय, नुसता डबा ठेवून पळणाऱ्याचं काम नाय ते. पद्धत सोपी, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, आजचा द्यायचा, कालचा घ्यायचा.

आता त्यात एक नियम झाला. झालं असं, एका आजीनं कालच्या डब्यात घरातलं सगळं तूप ओतून दिलं आम्हाला. बिचारीच्या मनात चांगलंच व्हतं, पण संध्याकाळी सुनेचा फोन, तुम्ही म्हाताऱ्या माणसांकडून काय काय काढून घेता म्हणून. मंदा रडायलाच लागली. त्या दिवशी ठरलं, कोणाकडून काहीएक घ्यायचं नाय. डबा धुऊन परत, बस. मलाबी पटलं, खोटं कशाला बोलू.

मग आले अण्णा. म्हणजे ते कशाचे येतात, वरच्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेले, जिना उतरून किती दिवस झाले त्यांनाच ठाऊक. चांगले जमीनवाले लोक व्हते, पोराच्या मागं शहरात आले, वैनी वारल्या, पोरगा परदेशात गेला, आणि अण्णा राहिले इथं. घरातसुद्धा डोक्यावर टोपी, सदरा इस्त्रीचा. पोरानं मंदाला फोन करून डबा लावलेला, अण्णांना विचारलंबी नसंल. मी गेले की म्हणायचे, ठेवा. बस, ठेवा. म्हणलं या माणसाच्या तोंडाला काय कुलूप हाय का.

एक दिवस कालचा डबा हातात घेतला तर आत काहीतरी सळसळलं. तिथंच उंबऱ्यात उघडला. गवती चहा. गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला व्हता त्यांनी, त्याची पात कापून, धुऊन, बारीक जुडी करून दोऱ्यानं बांधलेली. आणि मी काय केलं, नियम ना आमचा, मी जुडी काढली आणि त्यांच्या हातात परत दिली. म्हणलं, अण्णा, आम्हाला काही नको बरं का, तुम्ही फक्त जेवा. हसून म्हणलं हो मी, गोडीत म्हणलं. त्यांनी जुडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडंना. कडीला डबा अडकवून आले. तिसऱ्या दिवशी गेले तर डबा तसाच, वरण आंबलेलं. हाका मारल्या तर आतून आवाज, मी भिकारी नाय, घेऊन जा. असं रोज सुरू झालं. खाली शबाना भाभी राहतात, त्या म्हणल्या, क्या बोलू बाजी, अण्णा कू खाना नक्को बोलते, मैं दी तो भी नक्को, बस चाय बिस्किट. आणि वरून शुगरच्या गोळ्या चालू. सांगा आता, पोटात अन्न नाय आणि गोळी घ्यायची, माणूस घेरी येऊन पडणार नाय तर काय. पोराला फोन केला तर त्याला अण्णा सांगतात, जेवलो, मस्त जेवलो. मंदा म्हणली, ताई, त्यांचं नाव कमी करू का, दुसरी माणसं थांबलीत. मी अशी भडकले तिच्यावर. म्हणलं नाव कमी करायला तो काय वर्गातला पोरगा हाय का? माणूस मरंल मंदा. मला झोप लागंना, खरं सांगते, मालक म्हणायचे झोप गं, म्हणलं तुम्ही झोपा.

सकाळी भाकरी थापता थापता मी अण्णांना शिव्या देत व्हते, म्हातारा लई माजोरी, एवढी अकड कशाची, आणि तव्यावरची भाकरी उलटताना हात थांबला माझा. आईचं पातेलं आठवलं. म्हणलं सुभद्रे, तुझ्या आईनं दिलेलं दूध त्या शेतकरणीनं उंबऱ्यातून परत पाठवलं असतं, आम्हाला काही नको म्हणली असती, तर आई दुसऱ्या दिवशी तिचं कालवण खाल्ली असती का? मेली असती पण खाल्ली नसती. भाकरी करपली माझी. मालकांना दिली.

गेले तशीच. डबा पिशवीत ठेवला, वर काढलाच नाय. दाराशी पायरीवर बसले आणि म्हणलं, अण्णा, आमच्या मालकांना सर्दी झालीय, थोडा गवती चहा देता का. म्हणलं, नसंल द्यायचा तर राहू द्या. आतून आवाज आला, बाजारात मिळतो. म्हणलं मिळतो ना, पण मी धनगराची, मला मागायची लाज नाय, कारण मला परत करता येतं. अण्णा, तुमच्या वावरात मेंढ्या बसायच्या का कधी?

दार उघडलं हो! भिंतीला धरून उभे, सदरा अंगावर लोंबत व्हता, एवढे उतरलेले. म्हणले, कुठल्या धनगराची तू? म्हणलं अजिंठ्याकडची. म्हणले, आमच्याकडं दरसाल बसायच्या, आई कालवण द्यायची त्यांना, आणि धनगरीण पातेल्यात दूध घालून परत करायची, आम्ही भावंडं त्या दुधावर भांडायचो. म्हणलं अण्णा, मग ते कालवण दान व्हतं का? तर असे चिडले माझ्यावर. दान कसं, म्हणले, देणंघेणं व्हतं ते, आम्ही खत घ्यायचो, दूध घ्यायचो. म्हणलं मग, मी काय येगळं म्हणतेय, द्या तो गवती चहा आणि घ्या हा डबा. अण्णा म्हणले, आणि तुमचा तो नियम? म्हणलं, नियम गेला चुलीत.

गॅलरीपर्यंत गेले, एक एक पाऊल टाकत, मी उठलेसुद्धा नाय मदतीला, जाणूनबुजून. कापली पात, जुडी बांधली, दिली. मग जेवायला बसले, वरणात भाकर कुस्करून, आणि मी समोर बसून त्यांना मनसोक्त रागावले, पोराशी खोटं बोलता, लाज वाटत नाय का. ते मान हलवत जेवत व्हते. डोळ्यात पाणी आलं माझ्या, पुसलंबी नाय.

मंदाशी त्यावरून भांडण झालं माझं, मोठं झालं. शेवटी ठरलं, विकतचं काही घ्यायचं नाय, तूपबीप नाय, पण हातचं चिमूटभर काही दिलं तर ते परत करायचं नाय. आता बघा तुम्ही कालचे डबे, एकात कढीपत्ता, एक आजी वाती वळून देते, अंथरुणातून वळते, आणि एक आजोबा हायेत त्यांना काहीच येत नाय तर ते पेपरातलं कोडं सोडवून कापून घालतात. त्या कोड्याचं मी काय करू? पण घेते. आणि अण्णांचा गवती चहा रोज.

आता पायाचं सांगते. चिकलठाण्याच्या वळणावर कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवलं आणि मी पडले. डबे रस्त्यावर, वरण रस्त्यावर, आणि पाय मोडला. मालक दवाखान्यात म्हणले, मी म्हणलं नव्हतं का. म्हणलं व्हतं, पण तीन पावसाळे चालवली की मी, त्याचं काय. घरी आले, पाय वर टांगून पडले, आणि दुपारी मंदा दारात, हातात तीन कप्प्यांचा डबा. माझ्यासाठी. आणि काय सांगू तुम्हाला, माझं टाळकंच सरकलं. म्हणलं ने परत, मी काय म्हातारी हाय का, मी डबा देणारी, मला डबा आणते? मालक खिचडी करतील. मालकांनी केली खिचडी, ती खाली करपलेली, वर कच्ची. मी तीबी खाल्ली नाय. मंदानं डबा ठेवला तसाच राहिला, उघडलासुद्धा नाय. सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी, बघा.

दुसऱ्या दिवशी मंदा आली, तिनं आजचा डबा पुढ्यात ठेवला आणि फोन लावून माझ्या कानाला धरला. अण्णा. म्हणले, सुभद्रे, मला कळलं तू दार लावून बसलीस. म्हणलं कोण म्हणतं, दार उघडंच हाय. म्हणले, ऐक, मी ताट घेऊन बसलोय, गोळी घेतलीय मघाशीच, आणि तू घास घेतल्याबिगर मी घेणार नाय. म्हणलं अण्णा! गोळी घेतली आणि उपाशी बसलात? घेरी येईल ना तुम्हाला, येड लागलं का! तर म्हणले, मग लवकर उघड डबा.

उघडला. वरच्याच कप्प्यात जुडी, दोऱ्यानं बांधलेली. मंदाच्या हाती त्यांनीच पाठवलेली. फोन कानाला, एका हातानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. दुसऱ्याच कोणीतरी थापलेली भाकर, जाड, कडा कच्च्या. रडू फुटलं मला, मोठ्यानं. अण्णा तिकडून म्हणले, गिळलास का? म्हणलं, गिळला. म्हणले, आता मी घेतो. आणि त्यांच्या चावण्याचा आवाज येत व्हता फोनात, तेवढाच, आणि मी इकडं जेवत व्हते. मालक दारात उभे राहून नुसते बघत व्हते.

आता रोज असंच चाललंय, दुपारी त्यांचा फोन, बसलीस का, बसले. आणि कालचा डबा माझ्याकडून रिकामा जात नाय, पडल्या पडल्या लसूण सोलून देते, मंदाच्या फोडणीला. प्लास्टर पुढल्या आठवड्यात निघंल म्हणतात, निघालं की पहिली फेरी अण्णांकडं. तोपर्यंत भाकरीबी इथंच थापीन म्हणते, ती जाड भाकर माझ्यानं नाय खाल्ली जात.

निघाले का? बसा की. बरं, निघा, उशीर झाला तुम्हाला. पण ती पिशवी इकडं द्या, केळी आणली व्हती ना तुम्ही माझ्यासाठी त्यातून. द्या म्हणलं तर! अहो मालक, तो गवती चहा आणा, अण्णांचा, कालची जुडी. हां, घाला त्यांच्या पिशवीत. असू द्या, नाय म्हणू नका, एकदा नाय म्हणून बघितलंय मी कोणालातरी. घरी गेल्यावर आलं घालून उकळा, आणि सुखानं घोट घोट प्या. खुशाल राहा बाबा.