रुखवतातली घासलेटाची बाटली

हसू नका, पण दुसऱ्या महायुद्धात घासलेट मिळेनासं झालं तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या रुखवतात लाडवांच्या मधोमध हळदीकुंकू लावलेली घासलेटाची बाटली मांडली होती. जिंतूरच्या विहीणबाईंनी बूच काढून हुंगलं. "पाणी तर न्हाई घातलं? चिमणीत घालून पेटवून दावा."

मी उसळले, "मावशी, लग्न बहिणीचं आहे की बाटलीचं?"

आईनं माझा दंड धरला. "गप बस. पेटली न्हाई तर वऱ्हाड माघारी जाईल."

घासलेट काळ्या बाजारातलं होतं. आईनं चिमणी भरून काडी ओढली. भर दुपारी अख्खा मांडव त्या वातीकडे बघत होता. एकाही वडीलधाऱ्याला लाज वाटली नाही.

ज्योत उभी राहिली.

"घराणं चांगलं हाय," विहीणबाई म्हणाल्या. "आता बोलवा नवरीला."