कौशल्येचा फोटो दुबईले गेला

...अन् वरून लोक मलेच विचारतात, मैनाबाई, तुमी तं तिच्या शेजारीच उभ्या राहत होत्या, तुमाले काहीच कसं दिसलं नाई? आता काय सांगू बाप्पा. दिसाची गोष्ट असती तं त्या मशीनले दिसली नसती का? बारा कॅमेरे हायेत त्याले. एक एक संत्रं फिरवून फिरवून पायते, पोरगी पाहायले आलेले पाव्हणे बी तेवढं पायत नाईत. त्याले नाई दिसलं तं मले कुठून दिसते? ते दिसत नव्हतंच, ते हाताले लागत होतं, अन् साऱ्या वरूडात एका कौशल्येच्याच हाताले लागत होतं. पण कौशल्येले विचारते कोण?

थांबा, असं मधातूनच सुरू केलं तं तुमाले काही समजणार नाई. पयलेपासून सांगतो.

आमचं पॅकिंग हाऊस वरूडच्या बाहेर हाय, मोठ्ठं टिनाचं शेड. मालक चिंतामणराव वकीलसाहेब, राहतात अमरावतीले, कोर्टात प्रॅक्टिस करतात, हप्त्यातून एक डाव इकडं येतात. बगीच्यातून संत्रा येते, आमी बाया ते धुतो, पुसतो, निवडतो, पेटीत भरतो, अन् ट्रक जाते. कौशल्या अन् मी एकाच टेबलावर अकरा वर्षं. ती निवडे, मी भरो. अकरा वर्षांत मी जेवढं माझ्या नवऱ्याचं तोंड नाई पायलं तेवढा तिचा उजवा हात पायला, तुमाले सांगतो.

तिचं काम कसं होतं, तर संत्रं उचलायचं, अंगठा वरून एक चक्कर फिरवायचा, अन् कुठंतरी अंगठा थांबला की ते संत्रं बाजूच्या कॅरेटात. संत्र्याकडं पाहणं नाई. पाहणं तं दुसरीकडंच, माझ्यासंगं सासूच्या गोष्टी करून राहिली अन् हात आपला चालू. काय असते त्यात? एक पतंग असते. दिवस बुडाला की बगीच्यात येते, पिकलेल्या संत्र्यात सोंड खुपसते, रस पेते अन् चालला जाते. मागं छेद राहते सुईच्या टोकाएवढा. वरून संत्रं नवरीसारखं चकचकीत. चार-पाच दिवस गेले की आतून सडते, अन् एकटं सडत नाई, पेटीतल्या साऱ्यायले संगं घेऊन सडते. तो छेद कौशल्येच्या अंगठ्याले लागे. मी एक डाव म्हणलं, मले बी शिकव वं. तिनं माझा अंगठा धरला, संत्र्यावर फिरवला, म्हणे लागलं का? मी म्हणलं, लागलं. खोटं कशाले बोलू तुमच्यापाशी, मले काहीच लागलं नव्हतं.

मंग आला केयूर. वकीलसाहेबाचा पोरगा. पुण्याले शिकला, परदेशात माल पाठवायचा कोर्स केला. पोरगा वाईट नाई, आमाले मावशी-मावशी करे, पंखे लावले त्यानं शेडात. मशीन त्यानंच आणलं. अन् एक दिवस म्हणते, "मावशी, दुबईत फळं सगळेच विकतात. आपण गोष्ट विकायची." मी म्हणलं, कोणती गोष्ट? म्हणते, "तुमची." अन् आमच्या साऱ्यायचे चेहरे पायले, एकेक करून, जसा माल पायतात तसे, अन् पसंत केली कौशल्या. तिचं कपाळ मोठं हाय अन् हसली की गालाले खड्डा पडते. माझे समोरचे दोन दात नाईत, तं माझा प्रश्नच नव्हता.

फोटोसाठी माझी हिरवी साडी नेसली ती. फोटोवाला अमरावतीहून आला. हातात संत्रं दिलं, म्हणे हसा. ती हसेच ना. अंगठा फिरवून राहिली. मंग म्हणे, "हे टोचलेलं हाय जी, दुसरं द्या." फोटोवाला म्हणे, "बाई, फोटोत काय समजते?" ती म्हणे, "मले समजते ना." तीन संत्रे बदलले तवा हसली.

तो फोटो पेटीवर छापला. रंगीत, मोठ्ठा. खाली इंग्रजीत काहीतरी. केयूरनं वाचून सांगतलं: कौशल्येनं स्वतःच्या हातानं निवडलेली संत्री. तिनं एक रिकामी पेटी घरी नेली, फ्रिजवर ठेवली. रोज फडक्यानं पुसे. तुमी हसान, पण चौथी शिकलेल्या बाईचं नाव कुठं छापून येते सांगा. लग्नाच्या पत्रिकेत एक डाव, अन् त्यातबी चुकलेलं होतं तिचं.

मंग आली खुशालरावची बाग. खुशालराव म्हणजे वरूडातला जुना बागाईतदार, त्याचा माल सारे डोळे मिटून घेत. पण त्या साली पाऊस लांबला, झाडाखाली गवत माजलं, अन् पतंग भल्ले झाले. त्याचा माल दुपारी उतरला, अन् दुसऱ्या दिवशी कंटेनर निघणार होता, मुंबईले, तिथून जहाजात. पयलं कॅरेट. कौशल्येचा अंगठा थांबला. दुसरं, थांबला. थांबला, थांबला, थांबला. मी भरायले हात पुढं करो अन् हातात काही येईच ना. वीस कॅरेट तिनं पायले अन् चौदा बाजूले काढले. सासूची गोष्ट करून राहिली होती ती, मधातच बंद झाली.

केयूरले बोलावलं. "दादा, हा माल नका पाठवू."

त्यानं चौदाच्या चौदा कॅरेट मशीनवर ओतले. मशीननं पायले, अन् सारे पास. "मावशी, बघा, मशीन ओके म्हणतंय."

"मशीन वरून पायते जी. हे आतून गेलं."

"कंटेनरमध्ये पाच डिग्री टेम्परेचर असतं, मावशी. काही होत नाही."

आता विचार करा, मशीन बोललं अन् कौशल्या बोलली. कौशल्येले विचारते कोण?

पण ती ऐकणारी नव्हती. तिनं खुशालरावलेच फोन लावला. म्हातारा मोटरसायकलवर आला, पंधरा मिनिटांत. तिनं एक संत्रं त्याच्या हातात दिलं. त्यानं खिशातला चाकू काढून कापलं. आत पायलं तं छेदापासून एक तपकिरी रेघ, दोऱ्यासारखी, मधापर्यंत गेली होती. म्हाताऱ्यानं चाकू पुसून खिशात ठेवला. स्वतःच्या हातची बाग, चाळीस वर्षांची. मंग केयूरले म्हणे, "पोरा, माल मले वापस दे. आज नागपूरले नेतो, उद्या लोक खाऊन टाकतील. दुबईपर्यंत हे राहत नाई."

म्हणजे पाहा, ज्याचा माल तो म्हणते वापस द्या. यापेक्षा अजून काय पायजे? पण केयूरचं बी ऐका. अर्धा कंटेनर रिकामा, जहाज कोणासाठी थांबत नाई, तिकडच्या व्यापाऱ्याले शब्द दिलेला, पयलीच खेप. बापाले फोन लावला तं वकीलसाहेब कोर्टात उभे, फोन बंद. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. मले त्याची दया आली, खरं सांगतो. तो तीन डाव आत गेला, तीन डाव बाहेर आला, अन् म्हणे, "भरा."

कौशल्या म्हणे, "मी नाई निवडत."

"नका निवडू. मशीन निवडेल. मैना मावशी, तुम्ही भरा."

"मंग पेटीवरून माझा फोटो काढा."

"मावशी, छापलेत सगळे."

आता पुढचं सांगायले मले कसंतरी होते. तिनं टेबलावरचा काळा मार्कर घेतला, वजन लिहायचा, अन् खुशालरावच्या मालाच्या पेट्या भरून रचून राहिले होते तिथं जाऊन बसली, अन् एकेका पेटीवरचं आपलं तोंड काळं करायले लागली. पयले डोळे, मंग गाल, मंग खालचं नाव. जसं निवडे तसंच, एक झाली की दुसरी. चौदाशे पेट्या भरायच्या होत्या. साठेक झाल्या असतील तं केयूर धावत आला, मार्कर हिसकला, अन् त्या पोराच्याच डोळ्यात पाणी. म्हणे, "मावशी, घरी जा तुम्ही. उद्यापासून येऊ नका." ती उठली, हात धुतले, डबा घेतला अन् गेली.

अन् मी? मी भरून राहिली होती. माझ्या समोरून गेली ती, माझ्याकडं पायलं बी, अन् मी संत्र्यावर कागद गुंडाळून राहिली होती. हो, मीच भरलं. माझ्याच हातानं तिचं झाकण लावलं अन् वरून पट्टी मारली. माझी पोरगी चंदा अमरावतीले नर्सिंग शिकून राहिली, तुमी काय केलं असतं सांगा. नका सांगू.

सोळाव्या दिवशी व्हिडिओ आला. दुबईचा मोठ्ठा हॉल, दोन माणसं हातमोजे घालून पेट्या उघडून राहिले. आत हिरवी बुरशी, पाणी गळून राहिलं, एक जण नाक धरून मागं सरकला. अन् झाकणावर कौशल्या, माझ्या हिरव्या साडीत, हसून राहिली. झाकण ओलं झालेलं, गालाचा खड्डा फुगलेला. तो व्हिडिओ व्यापाऱ्यानं केयूरले पाठवला, केयूरकडून कोणाले गेला, तिथून कोणाले, संध्याकाळपर्यंत साऱ्या वरूडाच्या मोबाईलात. पानठेल्यावर पोट्टे म्हणत, हे पाहा, सडक्या संत्र्याची कौशल्या, स्वतःच्या हातानं निवडली म्हणते. ज्या साठ पेट्यायवर तिनं तोंड काळं केलं होतं त्या काही व्हिडिओत दिसल्या नाईत. त्या कोणी काहून दाखवन?

दुसऱ्या चार पॅकिंग हाऊसात गेली ती काम मागायले. लोक तिले ओळखत, हाच तं लोचा झाला. पेटीवरची ना तुमी? बसा, चहा घ्या, जागा नाई. एक खुशालराव तेवढा भेटेल त्याले सांगे, का बाबा माल माझा खराब होता, बाईनं नको म्हणलं होतं. तं लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. आपला माल खराब म्हणणारा बागाईतदार वरूडानं पायला नव्हता कधी.

मंग वकीलसाहेब स्वतः तिच्या घरी गेले. मी तिथंच होती. साडी वापस घ्यायले गेली होती म्हणलं, पण साडीचं निमित्त होतं, माफी मागायची होती मले, अन् तासभर झाला तरी तोंडातून निघत नव्हती. साहेब पलंगावर बसले, फ्रिजकडं पायलं. पेटी तशीच होती वर, भिंतीकडं तोंड करून. साहेब म्हणाले, "कौशल्याबाई, चूक आमची आहे. तुम्ही परत या." बरं वाटलं मले. मंग त्याईनं पिशवीतून एक कागद काढला. विम्यासाठी जबानी लागते, म्हणे. पेटीवर तुमचं नाव, म्हणून तुमचीच लागते. भरताना माल चांगला होता, एवढंच लिहिलंय.

कौशल्या म्हणे, "चांगला नव्हता जी."

"मला माहिती आहे."

"मंग?"

साहेबायनं चष्मा काढला, पुसला, वापस घातला. तिनं कागदाची नीट घडी केली अन् त्याईच्या हातात दिली. म्हणे, "मी येते असं सांगतलं असतं साहेब, पण तुमी हा कागद काढायले नाई पायजे होता."

महिन्याभरात नवऱ्यासंगं पातूरले गेली. तिथं नणदेचा लिंबाचा बगीचा हाय. अन् तो कागद? तुमी विचारणारच. त्यावर भरणारीची सही बी चालते, असं निघालं. मले सही करता येते. केली.

पुढच्या दिवाळीनंतर गेली मी पातूरले. मनात म्हणलं, सांगून टाकू, दोन शिव्या देईल, मोकळी होईन. ती लिंबं निवडून राहिली होती ओसरीत, अंगठा आपला चालू. मी सांगतलं. सही, कागद, सारं. तिनं दोन लिंबं बाजूले टाकले, मंग म्हणे, "चंदाचं वर्ष कितवं?" म्हणलं, दुसरं. म्हणे, "बरं केलं मंग." अन् चहा ठेवला. मी घरून ठरवून गेली होती का रडायचं, ते बी राहून गेलं.

निघताना फाटकापर्यंत आली. म्हणे, "यंदाचा माल कसा हाय वं?"

मी म्हणलं, चांगला हाय.

मले काय समजते बाप्पा. मी तं फक्त भरतो.