नव्या नावाचा तक्ता

आत्या : हे बघ, माझ्या मोबाइलवर अजून जुनाच तक्ता! सहा किलोच्या बाळासमोर बारा किलोचा डोस.

भाची : अगं, टाइप करताना ओळ सरकली माझ्याकडून. तासाभरापूर्वीच बदललंय. सर्व्हरवर बरोबर आहे.

आत्या : सर्व्हर चुलीत घाल. सिस्टरच्या हातात काय आहे? आज चौदा केंद्रांवर लसीकरण. तापाचे थेंब त्या ह्याच तक्त्यावरून लिहून देणार, आणि आया घरी दोन दिवस दुप्पट पाजणार. बाळाचं लिव्हर केवढंसं असतं!

भाची : तेरा जणींशी बोललीस ना?

आत्या : बोलले. डोंगरावरच्या केंद्रातली धाकटी सिस्टर फोन उचलत नाही. कामात फोन पेटीत टाकायचा, ही शिस्त मीच लावली होती तिला.

भाची : आणि तिचा टॅब जुनंच दाखवणार. तिथे रेंज जेमतेम असते, म्हणून मीच ब्राउझरला सांगून ठेवलंय, तक्त्याचं हे चित्र एकदा घेतलंस की वर्षभर जपून ठेव, पुन्हा मागू नकोस.

आत्या : वर्षभर! आणि नवं चित्र जुन्याच नावानं ठेवलंस?

भाची : हो ना. नाव तेच, म्हणून त्याला वाटतं, आपल्याकडे आहे की.

आत्या : आमच्या दवाखान्यात तक्ता बदलला की डॉक्टरीणबाई वर नवा आकडा टाकायच्या. तक्ता बारा, तक्ता तेरा. चाळीस वर्षं झाली, तेरावा अजून पाठ आहे मला. आणि तू एवढी शिकलेली...

भाची : टोमणे नंतर मार गं! हे बघ, नाव बदललं, 'तक्ता-दोन'. आता ज्या वेबपानावर तक्ता दिसतो त्यातही हेच नाव घालते, नाहीतर पान जुन्यालाच बोलावत बसेल.

आत्या : आणि पानच जुनं निघालं तर?

भाची : पान दर वेळी नव्यानं येतं. तेवढी अक्कल होती मला. झालं. बघ तुझ्या मोबाइलवर.

आत्या : थांब, चष्मा... सहा किलो, शून्य पॉइंट नऊ एमएल. बरोबर. पण तिचं काय?

भाची : नवा तक्ता कोणी उघडला ते इथे दिसतं. हे नदीकाठचं केंद्र... हे शाळेजवळचं... डोंगराचं नाही अजून.

आत्या : फोन लाव पुन्हा.

भाची : नुसता वाजतोय. आत्या, बस ना जरा. तू येरझाऱ्या घालून ती लवकर उघडणार आहे का?

आत्या : माझे पाय, मी बघेन.

भाची : आला! डोंगर! आत्ता उघडला!

(आत्याचा फोन वाजतो.)

सिस्टर : बाई, मघाशी सहा किलोच्या बाळाला एक पॉइंट आठ लिहून दिलं, आता टॅब त्याच वजनाला शून्य पॉइंट नऊ म्हणतोय. खरं कुठलं?

आत्या : आत्ताचं. ते बाळ कुठाय?

सिस्टर : इथंच, बाहेरच्या बाकावर.

आत्या : पाजलं त्याच्या आईनं?

सिस्टर : नाही. बाटलीचं झाकण निघेना म्हणून माझ्याकडेच घेऊन आलीय.

आत्या : आधी चिठ्ठी घे तिच्याकडून. झाकण मग उघड.