सोडलेले प्रश्न

लॉच्या सीईटीचा पेपर देऊन अक्षता बसमध्ये खिडकीशी बसली होती. शेजारी तिला वर्षभर शिकवणारा भाऊ, आयुष. पुढच्या सीटवरच्या दोन मुलीही तोच पेपर देऊन आलेल्या.

"जीके कसं गेलं गं?"

"डोंबल! उरलेले सगळे डोळे मिटून सी ठोकले."

"मी पण. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, मग सोडायचं कशाला?"

"सोडणाऱ्याचा सत्कारच करायला हवा."

आयुष अक्षताकडे वळला.

"अक्षे, तू किती सोडलेस?"

"येत नव्हते ते सगळे. तूच म्हणालास ना, चुकलं तर मार्क कापतात."

"ते क्लॅटला गं, त्या देशभरच्या लॉ परीक्षेला. मी इथेही तसंच धरून चाललो."

"पप्पांचा फोन येतोय, दादा. पेपरच अवघड होता म्हणते. तू काही बोलू नकोस."